जहाज फुकट, दुरुस्तीचं बिल तुमचं

सेकंडहँड बाइक घेताना आपण निदान किक मारून बघतो. पण कुणी म्हणालं, ‘जहाज फुकट घ्या, दुरुस्तीचे पैसे तेवढे द्या’, तर?

२००४ साली रशियाने भारताला तेच सांगितलं. ‘अ‍ॅडमिरल गोर्शकोव्ह’ ही जुनी विमानवाहू नौका फुकट, दुरुस्ती आणि बदलांचे ९७.४ कोटी डॉलर. विमानांचे पैसे वेगळे! ताबा २००८ मध्ये. नौका होती पार उत्तरेला, श्वेत समुद्राकाठी, सेवेरोद्विन्स्कच्या गोदीत. काम सुरू झालं आणि वाढतच गेलं. आतल्या केबलसुद्धा बदलाव्या लागल्या. खरं सांगू? आतून नीट न तपासता आकडा ठरवला, तिथेच फसलो.

२००७ मध्ये रशिया म्हणाला, पैसे वाढवा. सोडून तरी कसं द्यायचं? हप्ते गेलेले, आपली ‘विराट’ म्हातारी झालेली. अडला हरी! २०१० मध्ये सौदा २३५ कोटी डॉलरवर मिटला. २०१२ च्या चाचणीत बॉयलरनी दगा दिला, आणखी एक वर्ष गेलं.

१६ नोव्हेंबर २०१३ ला ती ‘विक्रमादित्य’ झाली. कारवारला पोचली जानेवारी २०१४ मध्ये.