जुन्या वेलींची मिश्र लाल वाइन

जुन्या, कमी फळणाऱ्या वेलींच्या काळ्या द्राक्षांपासून, दोन किंवा अधिक जाती एकत्र करून तयार केलेली दाट आणि भरदार वाइन. तिचे मूळ घर दक्षिण फ्रान्स. ऱ्होन नदीच्या खालच्या खोऱ्यातील शातोनफ-द्यु-पाप आणि त्याच्या आसपासची गावे, लांगदॉक आणि स्पेनच्या सीमेलगतचा रूसियों हा डोंगराळ प्रदेश, हे तिचे प्रमुख पट्टे. बोर्दोमध्येही लाल वाइन मिश्रच असते, पण तिथे मान असतो तो मळ्याच्या नावाला आणि वर्षाला. दक्षिणेत मात्र वेलीच्या वयाचा अभिमान बाटलीवर छापला जातो.

या मिश्रणात ग्रेनाश ही कण्याची जात. ती उन्हात भरपूर साखर धरते, त्यामुळे वाइनमधील अल्कोहोल सहज १४-१५ टक्क्यांवर जाते. चव पिकलेल्या तांबड्या फळांची, स्पर्श मऊ. पण तिचा रंग फिका असतो आणि हवा लागली की ती लवकर उतरते. रंगासाठी आणि मिरीसारख्या गंधासाठी सिराह घालतात, तुरटपणा आणि टिकाऊपणासाठी मूर्व्हेद्र, आंबटपणासाठी कारिन्यां. शातोनफच्या नियमांत पूर्वापार १३ जाती मान्य आहेत. बहुतेक मळेवाले प्रत्येक जात वेगळी आंबवून नंतर प्रमाण ठरवतात. फार जुन्या तुकड्यांत मात्र या जाती एकाच ओळीत मिसळून लावलेल्या असतात. तिथे सगळे घड एकत्र तोडून एकत्रच आंबवले जातात. ग्रेनाश सिमेंटच्या टाक्यांत ठेवण्याची तिथली रीत शहाणपणाची आहे, कारण ओकच्या लहान पिंपातून झिरपणारी हवा तिला मानवत नाही.

वेल म्हातारी झाल्याने द्राक्षाला आपोआप चव येत नाही. वय वाढले की घड कमी लागतात, अनेकदा मणी बारीक राहतात. रसाच्या मानाने सालीचा वाटा वाढतो आणि रंग व तुरटपणा सालीतच असतो. मुळे खोल गेलेली असल्यामुळे कोरड्या उन्हाळ्यातही वेल एकदम सुकत नाही आणि फळ सावकाश पिकते. शातोनफमध्ये कायद्यानेच हेक्टरी ३,५०० लिटरची मर्यादा आहे. आपल्या हिशेबाने एकरी सुमारे १,४०० लिटर, म्हणजे जेमतेम दोन टन द्राक्ष. नाशिकचा बागाईतदार खाण्याच्या द्राक्षाचे एकरी दहा टनांच्या आसपास उत्पन्न धरतो, हे लक्षात घेतले म्हणजे या वाइनचा दाटपणा कुठून येतो ते कळते. जुन्या वेली तारांवर चढवलेल्या नसतात. बुटक्या खोडाच्या, झुडपासारख्या मोकळ्या वाढवलेल्या असतात. तिथे यंत्र चालत नाही, सगळी तोडणी हातांनीच होते.

किती वर्षांची वेल जुनी म्हणायची, याला फ्रान्समध्ये कायद्याचा आधार नाही. ‘व्हिएय व्हीन्य’ (जुन्या वेली) हे शब्द कोणीही छापू शकतो, म्हणून त्यांवर डोळे मिटून विसंबू नये. ऑस्ट्रेलियातील बरोसा खोऱ्याने २००९ मध्ये ३५, ७०, १०० आणि १२५ वर्षे अशा पायऱ्या ठरवल्या. वेल व वाइनविषयीच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२४ मध्ये ३५ वर्षांची व्याख्या स्वीकारली. मळ्यातील ८५ टक्के वेली तेवढ्या वयाच्या असतील तरच तो मळा जुना.

फ्रान्समधील वेली एकोणिसाव्या शतकापलीकडे सहसा जात नाहीत. १८६० च्या दशकात फायलोक्सेरा नावाची मुळांना लागणारी मावा-जातीची कीड अमेरिकेतून आली आणि तिने देशभरचे मळे वाळवले. अमेरिकन खुंटावर फ्रेंच काडीचे कलम करून लागवड पुन्हा उभी राहिली. दुसरा घाव माणसांनी घातला. स्वस्त वाइनचा महापूर आवरण्यासाठी १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून युरोपीय अनुदान देऊन लांगदॉक-रूसियोंमधील वेली उपटल्या गेल्या. त्यात सर्वाधिक गेली ती कारिन्यां, आणि तीही उतारावरची, कमी फळणारी, जुनी. ज्यांनी हट्टाने ती राखली, त्यांच्याच वाइनला पुढे नाव मिळाले.

महाराष्ट्रात ही उपटण्याची गोष्ट अधिक वेगाने घडते. दख्खनमध्ये वेलीला थंडीची झोप नाही. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी आणि जानेवारी ते मार्च तोडणी. वेल वर्षभर राबते, म्हणून तिची शक्तीही लवकर सरते. त्यात खोडकिडा जुन्या खोडात शिरून ओलांडे पोखरतो. साधारण पंधरा वर्षांनी उत्पन्न घसरू लागले की बागाईतदार बाग काढून डॉगरिज किंवा ११०-आर खुंटावर नवी लावतो. बँकेचे कर्ज आणि बाजार पाहता त्याला दोष देता येत नाही. नारायणगावच्या शातो इंडाज या वाइनरीने १९८० च्या दशकात राज्यातल्या आधुनिक वाइनला सुरुवात करून दिली. २००१ च्या राज्य धोरणानंतर नाशिक, पुणे, सांगली भागात वाइन-द्राक्षांची लागवड झपाट्याने वाढली. २००९-१० च्या मंदीत मागणी कोसळली, इंडाज बुडाली आणि अनेक शेतकऱ्यांनी याच बागा काढून पुन्हा खाण्याची द्राक्षे लावली. आज त्या वेली वयात आल्या असत्या. माझ्या मते मराठी वाइनचे ते सर्वांत मोठे नुकसान आहे.

सुला या वाइनरीची नाशिकजवळची पहिली लागवड १९९७ ची, तीही पांढऱ्या वाइनच्या जातींची. ३५ वर्षांचा निकष लावला तर तेव्हाची टिकलेली वेल २०३२ मध्ये जुनी ठरेल. लाल जातींना त्याहून जास्त वाट पाहावी लागणार. म्हणून जुन्या वेलींची म्हणावी अशी महाराष्ट्रीय मिश्र लाल वाइन अजून नाही. जवळची म्हणून दोन नावे घेता येतात. सोलापूर जिल्ह्यातील माळशिरस तालुक्यात अकलूजचे मोहिते-पाटील, दिल्लीचे सेखरी आणि इटलीचे सेची या कुटुंबांनी २००७ मध्ये उभारलेल्या फ्रातेल्लीची ‘सेत्ते’. तस्कनीचे वाइनतज्ज्ञ पिएरो मासी यांच्या हाताखाली सांजोव्हेसे आणि काबर्ने सोव्हिन्यों यांच्या मिश्रणातून ती घडली. दुसरी, कर्नाटकातील नंदी टेकड्यांजवळ सुरू झालेल्या आणि २०१२ मध्ये इगतपुरी तालुक्यातील सांजेगावच्या वाइनरीशी एकत्र आलेल्या ग्रोव्हर झाम्पाची ‘ला रेझर्व’. तिच्यात काबर्ने आणि शिराझ म्हणजेच ऱ्होनची सिराह. फ्रान्समध्ये वेलीचे वय जे करते, ते इथे घडांची विरळणी करून, उत्पन्न मुद्दाम आवरून साधावे लागते. ही वाट खर्चाची आहे आणि ती धरणाऱ्यांचे कौतुक व्हायला हवे.

ही वाइन घरी आणायची तर ठाण्याच्या नौपाड्यात, गोखले रोड-राम मारुती रोडच्या परिसरात राहणाऱ्याला कसारा घाट उतरून येणारी नाशिकची बाटली जवळची. फ्रेंच बाटली महाग, कारण आयात वाइनवर बराच काळ १५० टक्के सीमाशुल्क राहिले आहे. राज्यात वाइन घेण्यास वयाची २१ वर्षे पूर्ण असावी लागतात. अडचण खरी असते ती साठवणीची. या वाइनला १२ ते १५ अंशांची स्थिर जागा हवी. नौपाड्यातले स्वयंपाकघराचे कपाट मे महिन्यात तिशी ओलांडते आणि माळ्यावर त्याहून तापते. अशा ठिकाणी वर्षभर ठेवलेली ग्रेनाश शिजलेल्या फळासारखी लागते. तळघर नसलेल्या घरात फ्रिजचा खालचा कप्पा बरा. प्यायच्या आधी बाटली बाहेर काढून १६-१८ अंशांवर येऊ द्यावी. ‘खोलीच्या तापमानाला’ हा युरोपीय सल्ला इथे लागू नाही.

जेवणाशी जोडताना ठाणे-कल्याणच्या सीकेपी स्वयंपाकाचा विचार उपयोगी पडतो. भाजक्या खोबऱ्याचे, तिखट बेताचे मटण या वाइनला उत्तम साथ देते. नारळाच्या दुधातले वालाचे बिरडेही चालते. सोड्याची खिचडी किंवा सुकट मात्र नको. लाल वाइनमधील लोह आणि सुक्या मासळीतील स्निग्धांश एकत्र आले की तोंडात धातूसारखी आणि हिवस चव उरते. लाल तिखटाचा झणझणीत रस्साही टाळावा, कारण १४-१५ टक्के अल्कोहोल तिखटाची आग वाढवते. उघडलेली बाटली बूच लावून फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस टिकते. मिश्रणात ग्रेनाशचे प्रमाण जास्त असेल तर दुसऱ्या दिवशीच संपवावी.