डबीतला कारभारी

घरोघरी आज एक लहानशी डबी असते. दूरचित्रवाणीच्या मागे किंवा कपाटाच्या माथ्यावर धूळ खात ती पडलेली असते आणि तिच्यावरचे दोन-चार दिवे दिवसरात्र लुकलुकत असतात. तिला राउटर म्हणतात. घरातल्या साऱ्या फोनांना आणि संगणकांना इंटरनेट वाटून देण्याचे काम ती मुकाट्याने करते. ती बंद पडली म्हणजेच तिची आठवण होते! या डबीत एक संपूर्ण संगणक आहे आणि त्याचा संसार सांभाळणारा एक कारभारीही आहे, हे फारसे कुणाच्या ध्यानी येत नाही. त्या कारभाऱ्याचे नाव बहुधा लिनक्स असते. तो या डबीत कसा शिरला, आणि विकत घेतलेल्या वस्तूचा खरा धनी कोण हा प्रश्न त्याच्या मागोमाग कसा उभा राहिला, त्याची ही हकिकत.

संगणकाला कारभारी लागतो तो असा. स्मृतीतील जागा कुणाला किती द्यायची, प्रोसेसरचा वेळ कुणाला केव्हा द्यायचा, तारेवरून आलेला निरोप कुणाच्या हाती ठेवायचा, हे सारे ठरवणारा एक प्रोग्राम हवा. त्यालाच ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. या घराण्यातील मूळ पुरुष म्हणजे युनिक्स. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन टॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी 1969 साली त्याचा पाया घातला. विद्यापीठांना युनिक्सचे मूळ लिखाण वाचायला मिळे आणि विद्यार्थी त्यावरून विद्या शिकत. पुढे 1979 च्या सातव्या आवृत्तीबरोबर परवान्याच्या अटी कडक झाल्या आणि वर्गात ते लिखाण शिकवण्याची वाट बंद झाली. पोथी देवघरात आहे, पण उघडायची नाही, असा हा प्रकार! म्हणून ॲमस्टरडॅमचे प्राध्यापक अँड्र्यू टॅनेनबॉम यांनी 1987 साली विद्यार्थ्यांसाठी ‘मिनिक्स’ नावाची निराळी छोटी प्रणालीच लिहून काढली.

दुसरा उपाय शोधला तो रिचर्ड स्टॉलमन यांनी. 1983 साली त्यांनी मुक्त प्रणालीचा संकल्प जाहीर केला आणि 1989 साली एक परवाना लिहिला. त्याचे मर्म आपल्याकडच्या गृहिणीला चटकन कळेल. दिवाळीत शेजारून फराळाचे ताट आले तर ते रिकामे परत पाठवायचे नाही, ही आपली रीत. स्टॉलमन यांच्या परवान्याचा रोख काहीसा तसाच आहे. हा प्रोग्राम घ्या, वापरा, बदला, वाटल्यास विका. मात्र ज्याला द्याल त्याला त्याची कृतीही, म्हणजे मूळ लिखाणही, त्याच हक्कांसह द्या.

1991 च्या ऑगस्टमध्ये हेलसिंकीचा एक एकवीस वर्षांचा विद्यार्थी, लिनस टोरवाल्ड्स, याने आपण छंद म्हणून एक प्रणाली लिहीत असल्याचे जाहीर केले. ती इंटेलच्या 386 या प्रोसेसरसाठी होती आणि दुसऱ्या यंत्रांवर ती नेता येण्याजोगी नाही, असे त्याने स्वतःच सांगून टाकले होते. पुढच्याच वर्षी त्याने ती स्टॉलमन यांच्या परवान्याखाली आणली. त्यामुळे देशोदेशीच्या लोकांचा हात तिला लागला आणि कर्त्याला न सुचलेल्या ठिकाणी ती जाऊन पोहोचली.

पण लहान प्रोसेसरांच्या दाराशी मोठी अडचण होती. 386 मध्ये स्मृतीच्या व्यवस्थेसाठी खास मंडल असते. ते प्रत्येक प्रोग्रामला जणू स्वतंत्र बिऱ्हाड देते, भिंती घालून. एकाच्या घरात पाणी सांडले तरी दुसऱ्याचे अंथरूण भिजत नाही. स्वस्तातल्या छोट्या प्रोसेसरांत हे मंडल नसते. तिथला संसार म्हणजे चाळीतल्या एकाच खोलीत राहणारी चार कुटुंबे. एकाच्या पोराने घागर लवंडली की सर्वांची दाणादाण.

1998 साली जेफ डिओन आणि केनेथ अल्बानोव्स्की यांनी लिनक्सला याच एका खोलीत राहायला शिकवले. तळहातावर मावणाऱ्या पामपायलटमधील मोटोरोलाच्या चिपवर त्यांनी तो चालवून दाखवला. या अवताराच्या नावात ग्रीक ‘म्यू’ हे अक्षर आले, आणि म्यू म्हणजे सूक्ष्म. युनिक्सच्या घराण्यात एक प्रोग्राम स्वतःची हुबेहूब प्रत काढून नवा प्रोग्राम जन्माला घालतो. भिंतींवाचून ते जमेना. तेव्हा नव्या जिवाने आपले बिऱ्हाड थाटेपर्यंत जन्मदात्याने हातातले काम थांबवून उभे राहावे, ही जुन्या युनिक्समधील युक्ती उपयोगी पडली. 2003 च्या डिसेंबरात लिनक्सची 2.6 ही आवृत्ती निघाली, तेव्हा ही विद्या मूळ गाभ्यात सामावलेली होती. 386 च्या भिंतींसाठी लिहिलेली प्रणाली बिनभिंतीच्या घरात नांदू लागली!

हौसेला मोल नसते म्हणतात. 2012 साली एका प्रोग्रामरने आठ बिटांच्या एका इवल्या चिपकडून मोठ्या प्रोसेसरची नक्कल करवून तिच्यावर लिनक्स चालवला. आज्ञा स्वीकारण्याइतका तो जागा व्हायला सुमारे दोन तास लागले. उपयोग शून्य, पण आनंद केवढा!

उपयोगाची गोष्ट मात्र बाजारात घडत होती. लिंक्सिस कंपनीने 2002 च्या डिसेंबरात निळ्या-काळ्या रंगाचा, दोन शिंगांसारख्या अँटेनांचा एक राउटर विकायला काढला. पुढच्याच वर्षी जाणत्यांच्या ध्यानी आले की, त्याच्या पोटात लिनक्स आहे, पण मूळ लिखाण कंपनीने दिलेले नाही. फराळ खाल्ला होता, ताट रिकामे होते. बोभाटा झाला आणि त्याच वर्षी ते लिखाण खुले झाले. 2004 च्या जानेवारीत त्यातून ‘ओपनडब्ल्यूआरटी’ हा प्रकल्प उभा राहिला. बर्लिनमधील तरुणांनी असल्याच स्वस्त डब्यांवर स्वतःची प्रणाली चढवून छपराछपरांवरून शेजाऱ्यांचे बिनतारी जाळे विणले. त्याच वर्षी म्युनिकच्या न्यायालयात लिनक्सचे एक कर्ते हाराल्ड वेल्टे यांनी राउटर विकणाऱ्या दुसऱ्या एका कंपनीविरुद्ध दाद मागितली. परवान्याच्या अटी पाळा, नाहीतर विक्री थांबवा, असे न्यायालयाने ठणकावले. परवाना म्हणजे नुसती सदिच्छा नव्हे, हे तेव्हा कागदावर आले.

व्यापारही स्वस्थ बसला नाही. 2005 साली निळ्या राउटरच्या नव्या आवृत्तीत स्मृती निम्मी करण्यात आली आणि लिनक्सच्या जागी व्हीएक्सवर्क्स ही बंद प्रणाली आली. जिन्नस तोच दिसे, पण उघडता येत नसे. गिऱ्हाइकांची मागणी इतकी की, जुन्या बेताचा लिनक्सवाला राउटर कंपनीला वेगळ्या नावाने पुन्हा विकावा लागला.

टिव्हो नावाच्या दूरचित्रवाणी-मुद्रण यंत्राने निराळीच शक्कल लढवली. त्यांनी मूळ लिखाण दिले. परंतु ते बदलून यंत्रात घातले तर यंत्र ते चालवीच ना. पाककृती दिली आणि चुलीला कुलूप लावले! स्टॉलमन यांच्या पक्षाने 2007 साली परवान्याची तिसरी आवृत्ती काढून हे कुलूप निषिद्ध ठरवले. टोरवाल्ड्स यांना हे पटले नाही. लिखाण परत मिळाले म्हणजे माझे देणे फिटले, यंत्र कसे बनवावे हे मी का सांगू, असा त्यांचा पक्ष होता. लिनक्स दुसऱ्याच आवृत्तीवर राहिला. दोघेही प्रामाणिक, दोघांचेही म्हणणे विचार करण्याजोगे. आणि हा वाद अजून मिटलेला नाही.

तो नुसता पंडितांचा वाद आहे असेही समजू नये. 2016 साली ‘मिराई’ नावाच्या दुष्ट प्रोग्रामने लिनक्सवर चालणारे असंख्य कॅमेरे व राउटर काबीज केले. कारखान्यात घातलेला परवलीचा शब्द कोणी बदललाच नव्हता! त्या फौजेने 21 ऑक्टोबरला अमेरिकेतील अनेक प्रसिद्ध संकेतस्थळे काही तास बंद पाडली. मुक्त प्रणाली असली म्हणजे घर आपोआप सुरक्षित होते, असे नव्हे. कारखानदाराने डबी विकली आणि तो तिला विसरला, तर आतला कारभारी म्हातारा होतो, दाराची कडी सैल होते. फरक एवढाच की, कृती खुली असली तर दुसरा कोणी कडी दुरुस्त करू शकतो. कारखानदारांनी वाऱ्यावर सोडलेल्या कित्येक डब्यांना ओपनडब्ल्यूआरटीच्या स्वयंसेवकांनी वर्षानुवर्षे नवे आयुष्य दिले आहे. 2024 च्या नोव्हेंबरात तर त्यांच्याच नावाचा, उघडता येईल अशाच बेताने घडवलेला राउटर विक्रीस आला.

मधल्या काळात हा छंदिष्टाचा कारभारी फार दूर जाऊन आला. 1997 साली मंगळावर उतरलेल्या पाथफाइंडर यानात व्हीएक्सवर्क्स होती. 19 एप्रिल 2021 रोजी मंगळाच्या विरळ हवेत ‘इंजेन्युइटी’ हे चिमुकले हेलिकॉप्टर उडाले, तेव्हा त्याचा कारभार लिनक्स पाहत होता.

मंगळाची गोष्ट मोठी खरी. पण आपला संबंध कपाटावरच्या डबीशी. या दिवाळीत घर झाडताना ती हाती येईल. तिच्यावरची धूळ पुसावी, कारखान्याचा परवलीचा शब्द अजून तसाच असेल तर तो बदलावा, आणि नवी डबी घेताना दुकानदाराला दोनच गोष्टी विचाराव्यात : हिची दुरुस्ती किती वर्षे मिळेल, आणि ती थांबल्यावर मला ही उघडता येईल का? दुकानदार चमकेल. पण वस्तूचे पैसे आपण मोजले आहेत. तेव्हा तिच्या कारभाऱ्याची चौकशी करण्याचा अधिकारही आपलाच.