खुबा बदलायचाय: छोटा काप की नेहमीचा?
अमरावती-अकोल्यात खुब्याचा सांधा बदलायचा म्हटलं की नातेवाईक आधी विचारतात, काप केवढा? नेहमीच्या शस्त्रक्रियेत साधारण १० ते १२ इंच, छोट्या कापाच्या पद्धतीत ३ ते ६. आत बसणारा कृत्रिम सांधा दोन्हीकडे सारखाच.

छोट्या कापात स्नायू कमी दुखावले तर सुरुवातीचे आठवडे सोपे जातात. वर्षभरानंतर फारसा फरक उरत नाही. (जाहिरातीत हे क्वचितच असतं.) डॉक्टरांना आतलं कमी दिसतं, म्हणून हात सरावाचा हवा.

मेळघाटात सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत. या आजारात खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटून ते तरुणपणीच खचू शकतं. हाड कडक, आतली पोकळी अरुंद. अशा अवघड खुब्याला सहसा मोठा कापच बरा.

उकिडवं बसणं मात्र दोन्हीत डॉक्टर सांगेपर्यंत बंद.