बीएस-६ ट्रकचं ‘युरिया पाणी’: खर्च किती, त्रास काय आणि शेतातला युरिया का चालत नाही?

नवीन ट्रक किंवा टिपर घेतला की डिझेलच्या टाकीशेजारी निळ्या झाकणाची एक छोटी टाकी दिसते. ड्रायव्हर लोक तिला युरियाची टाकी म्हणतात. कागदोपत्री नाव डिझेल एक्झॉस्ट फ्लुइड, थोडक्यात डीईएफ. काही ठिकाणी ॲडब्ल्यू म्हणूनही मागतात, पण ते एका जर्मन संघटनेच्या मालकीचं व्यापारी नाव आहे, द्रव तोच.

१ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ नियम लागू झाले. जड डिझेल गाड्यांच्या धुरातल्या नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा बीएस-४ मध्ये किलोवॅट-तासाला ३.५ ग्रॅम होती, ती एकदम ०.४६ वर आली. नुसत्या इंजिनात सुधारणा करून एवढी घट जमणं अवघड. म्हणून सायलेन्सरच्या वाटेत डीईएफचा फवारा मारतात. गरम धुरात युरियाचा अमोनिया होतो, आणि कॅटॅलिस्टवर तो विषारी वायूचं रूपांतर साध्या नायट्रोजनमध्ये आणि वाफेत करतो. म्हणजे हे पाणी इंजिनात जळत नाही, डिझेलमध्ये मिसळत नाही. ते फक्त धूर धुतं. प्रत्येक बीएस-६ गाडीला ते लागतंच असंही नाही. काही छोट्या पिकअपना निळं झाकणच नसतं.

खर्चाचा हिशोब

जड गाडीला डिझेलच्या साधारण ४ ते ६ टक्के डीईएफ लागतं. महिन्याला ६ हजार किलोमीटर पळणारी, लिटरला ४ किलोमीटर देणारी गाडी धरा. डिझेल १,५०० लिटर. ५ टक्क्यांनी डीईएफ ७५ लिटर. लिटरला ६० रुपये धरले (ब्रँड आणि गाव बदललं की भाव बदलतो) तर महिना ४,५०० आणि वर्षाला ५४ हजार. एका हप्त्याएवढी रक्कम झाली की! तरी डिझेलच्या बिलापुढे ती ३-४ टक्केच आहे. मालकाला खरा फटका बसतो तो दुसरीकडे, पाणी निकृष्ट निघालं की.

यंत्रणेत डोसिंग पंप, इंजेक्टर, नॉक्स सेन्सर आणि कॅटॅलिस्ट असतो. सेन्सर गेला तरी बिल हजारांत जातं, कॅटॅलिस्ट गेला तर विचारूच नका. शिवाय हे काम गावातल्या गॅरेजला जमेलच असं नाही, कारण कॉम्प्युटर लावल्याशिवाय दोष कळत नाही. गाडी टो करून शहरात न्यावी लागते, आणि तेवढे दिवस भाडं बुडतं.

गाडी का ओढत नाही?

टाकीत पाणी संपत आलं किंवा सेन्सरला दर्जा खराब वाटला की आधी दिवा लागतो. दुर्लक्ष केलं तर इंजिनची ताकद कमी होते. बीएस-६ नियम ज्या युरो-६ च्या धर्तीवर बेतलेत, त्यात पहिल्या टप्प्यात टॉर्क २५ टक्क्यांनी उतरतो आणि शेवटच्या टप्प्यात गाडी ताशी २० किलोमीटरवर येते. भरलेला ट्रक घाटात असा अडकला तर काय होतं ते सांगायला नको. इंजिन बिघडलं असं समजून लोक आधी डिझेल फिल्टर बदलतात. खरं तर आधी निळ्या टाकीचा काटा बघायला हवा.

घरचा युरिया टाकला तर?

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो, आणि मोह का होतो तेही समजून घेऊ. डीईएफमध्ये वजनाने ३२.५ टक्के युरिया असतो, बाकी क्षार काढलेलं शुद्ध पाणी. शेतीच्या युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते. एका गोणीतून साधारण १२७ लिटर द्रावण होतं. ६० च्या भावाने त्याचे साडेसात हजारांवर होतात! बनावट डीईएफचा धंदा या गणितावर चालतो.

पण शेतीचा युरिया २०१५ पासून निमकोटेड आहे. ते तेल, युरियातलं बाययुरेट आणि बोअरच्या पाण्यातला क्षार, हे तिन्ही कॅटॅलिस्टचे वैरी. डीईएफच्या आयएसओ २२२४१ मानकात बाययुरेट फक्त ०.३ टक्क्यांपर्यंत चालतं, शेतीच्या युरियात त्याच्या कितीतरी पट चालतं. घरचं पाणी टाकून गाडी काही दिवस चालते, म्हणूनच लोक फसतात. नंतर इंजेक्टरच्या तोंडावर पांढरे खडे धरतात आणि कॅटॅलिस्टची छिद्रं बुजतात.

दुसरं म्हणजे हा गुन्हा आहे. अनुदानाचा युरिया शेतीशिवाय दुसरीकडे वळवला तर खत नियंत्रण आदेश, १९८५ आणि जीवनावश्यक वस्तू कायद्याखाली कारवाई होते. खरिपात गोणीसाठी रांगेत उभं राहणाऱ्याला हे वेगळं सांगायची गरज नाही.

घेताना आणि ठेवताना

सीलबंद बकेटवर आयएसओ २२२४१, बॅच नंबर आणि उत्पादनाची तारीख बघा. ढाब्यावरच्या उघड्या ड्रमातलं पाणी दहा रुपये स्वस्त मिळतं म्हणून घेऊ नका. साखर कारखान्यात ब्रिक्स बघायला हातातला रिफ्रॅक्टोमीटर असतो ना, तसाच डीईएफसाठीही मिळतो. चार-पाच गाड्या असतील तर ठेवायला हरकत नाही. तो फक्त तीव्रता दाखवतो, निमतेल किंवा क्षार पकडत नाही, हे मात्र ध्यानात असू द्या.

आपल्याकडचं ऊन हा मोठा शत्रू. ३० अंशांपर्यंत डीईएफ वर्षभर टिकतं, ३५ अंशांला सहा महिने. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमधली बकेट त्याहून लवकर खराब होऊ शकते. अमोनियाचा उग्र वास आला तर ते टाकीत ओतू नका. ऊस वाहतुकीच्या गाड्या पावसाळ्यात महिनोन्‌महिने उभ्या राहतात. हंगामाला काढण्याआधी जुनं पाणी काढून नवीन भरलेलं बरं. काश्मीर-हिमाचलला सफरचंदाच्या भाड्याला जाणाऱ्यांनी माहीत ठेवावं की उणे ११ अंशांला ते गोठतं.

लोखंडी, तांब्याच्या किंवा गॅल्व्हनाइज्ड भांड्यात ठेवू नका. प्लास्टिकचा स्वच्छ कॅन ठीक. डिझेलचं नरसाळं वापरू नका. सांडलं तर लगेच साध्या पाण्याने धुवा, वायरिंगच्या जोडात शिरलं तर तांबं खातं. आणि गाडी बंद केल्याबरोबर बॅटरीचा कटऑफ ओढायची सवय सोडा. बंद झाल्यावर पंप नळ्यांतलं पाणी परत टाकीत ओढतो, त्याला दोन मिनिटं द्या.

चुकून डीईएफ डिझेलच्या टाकीत पडलं तर चावीसुद्धा फिरवू नका. टाकी रिकामी करून मेकॅनिकला बोलवा.

‘सिस्टीम बंद करून देतो’ म्हणणारे

काही जण इम्युलेटर नावाची डबी बसवून यंत्रणा बंद करून देतात. डीईएफचा खर्च वाचतो, हे खोटं नाही. पण मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२ए खाली बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५ हजार दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. कलम १९० खाली प्रदूषणाचा दंड पहिल्या वेळी १० हजारांपर्यंत, लायसन्सही तीन महिने जाऊ शकतं. वॉरंटीचा प्रश्न वेगळाच.

वाहतूकदारांची एक तक्रार मात्र रास्त आहे. गाडीचं चाक एका रसायनाच्या पुरवठ्याला बांधलं गेलं. २०२१ च्या अखेरीस चीनने युरियाच्या निर्यातीवर बंधनं आणली तेव्हा दक्षिण कोरियात डीईएफचा असा तुटवडा झाला की ट्रकवाले एका कॅनसाठी रांगा लावत होते. म्हणून लांबच्या भाड्याला निघताना एक सीलबंद बकेट केबिनमागे सावलीत ठेवलेली असावी. ५०० लिटर डिझेलला २५ लिटर, या हिशोबाने.