उद्याच्या माणसाचा पोशाख

विज्ञानकथांच्या संमेलनाला वेष करून जाण्याची, म्हणजेच 'कॉस्प्ले'ची, सुरुवात शोधू लागलो की आपण १९३९ च्या न्यूयॉर्कला पोहोचतो. पहिल्या जागतिक विज्ञानकथा संमेलनाला सुमारे २०० माणसे जमली होती. त्यांत भविष्यकाळाच्या वेषात आलेले दोघेच: फॉरेस्ट ॲकरमन आणि मर्टल डग्लस. १९३६ चा 'थिंग्ज टु कम' हा चित्रपट आणि मासिकांतली फ्रँक पॉल यांची चित्रे पाहून ते पोशाख बेतले होते. गंमत म्हणजे, संमेलनाचे सन्माननीय पाहुणे पॉलच होते! पुढच्याच वर्षी शिकागोच्या संमेलनात वेषभूषेचा खास कार्यक्रम झाला.

श्रेय मात्र बराच काळ एकट्या ॲकरमन यांना मिळत राहिले. दोन्ही पोशाख बेतले आणि शिवले होते डग्लसबाईंनी. आमच्याही व्याख्यानाच्या टिपणात कित्येक वर्षे त्यांचे नाव नव्हते.