बांधणे आणि सांधणे: रक्तवाहिनीच्या शल्यचिकित्सेची कथा



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते सर आयुष्यभर शरीरशास्त्र शिकवीत असत. म्हणून यंदाचा विषय त्यांच्या प्रांतातला असावा, असे चालकांचे म्हणणे पडले. मी मराठीचा अध्यापक. लेखणीपेक्षा धारदार शस्त्र हाती धरण्याचा प्रसंग मला कधी आला नाही. पण विद्येचा इतिहास हा काही अंशी भाषेचाही इतिहास असतो, आणि आज मला जी हकीकत सांगावयाची आहे तिचे मर्म दोन मराठी क्रियापदांत मावते: बांधणे आणि सांधणे. फुटलेली रक्तवाहिनी बांधून टाकावी की सांधावी, हा तो प्रश्न. बांधण्याची विद्या फार जुनी. सांधण्याची रीत १९०२ साली प्रसिद्ध झाली, १९१२ साली तिला नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. आणि तरीही पुढील दोन्ही महायुद्धांत जखमी सैनिकांच्या रक्तवाहिन्या बहुतांशी बांधल्याच गेल्या. ज्ञान हाताशी असून चाळीस वर्षे ते उपयोगात का आले नाही, याचा शोध घेण्याचा हा प्रयत्न आहे.

प्रथम शब्दांविषयी थोडेसे. मराठी पाठ्यपुस्तकांनी हृदयाकडून निघणाऱ्या वाहिनीला ‘रोहिणी’ म्हटले आणि हृदयाकडे परतणारीला ‘नीला’. आपण इंदूरकर मंडळी शेजारच्या हिंदी शाळेतील मुलांच्या पुस्तकात ‘धमनी’ आणि ‘शिरा’ वाचीत असू. सर दोन्ही शब्द सांगत आणि लाल व निळा असे दोन खडू वापरीत. ‘धमनी’ हा शब्द मोठा बोलका आहे. त्याच्या मुळाशी ‘ध्मा’ म्हणजे फुंकणे हा धातू आहे. चरकसंहितेनेही तो ध्मानावरूनच साधला आहे. शब्दाच्या पोटात असा वारा आहे. आश्चर्य असे, की ग्रीकांचेही तेच. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या इरॅसिस्ट्रेटसचे मत होते की रोहिण्यांतून रक्त नव्हे, वायू वाहतो. मृतदेहात त्या रिकाम्या आढळतात, त्यावरून हा समज झाला असावा. रोहिणी दोन ठिकाणी बांधून मधला भाग कापला तर आत रक्तच मिळते, हे पुढे गेलनने दाखवून दिले. विल्यम हार्वेने १६२८ साली रक्ताभिसरणाचा ग्रंथ छापला तेव्हा कुठे रोहिणी आणि नीला ही एकाच वाटेची दोन अंगे ठरली.

रक्तस्राव थांबविण्याचा प्रश्न मात्र सिद्धान्तासाठी थांबून राहणारा नव्हता. सुश्रुतसंहितेत त्याचे चार उपाय सांगितले आहेत: संधान, स्कंदन, पाचन आणि दहन. तुरट द्रव्यांनी जखमेची तोंडे जुळविणे, शीत उपचारांनी रक्त गोठविणे, भस्मादिकांनी जखम कोरडी करणे, आणि काहीच चालले नाही तर डाग देणे. आपल्याकडे सर्व काही आधीच होते असे सांगण्याचा मोह अशा वेळी होतो, तो मी टाळतो. संहितेतील संधान म्हणजे आजची रक्तवाहिनीची शिवण नव्हे. पण डाग हा अगदी शेवटचा उपाय मानला, यातला विवेक ध्यानात घेण्याजोगा आहे. कारण युरोपातील रणांगणांवर कैक शतके तोच पहिला उपाय होता. पाय कापावा आणि तापलेले लोखंड टेकवावे, अशी रीत.

ती रीत मोडण्याचे श्रेय आंब्रोआज पारे या फ्रेंच शल्यवैद्याला देतात. १५५२ साली दांव्हिलियेच्या वेढ्यात त्याने एका जखमीचा पाय कापल्यावर डाग न देता रक्तवाहिन्या दोऱ्याने बांधल्या. बंध रोमन काळापासून ठाऊक होता. सेल्ससच्या ग्रंथात त्याचे वर्णन आहे. पारेने तो पुन्हा रणांगणावर आणला. कापलेल्या अवयवाच्या टोकाशी बांधलेली वाहिनी हे ठीकच. पण अवयव शाबूत असताना त्याची मुख्य रोहिणी बांधली तर पुढच्या भागाला रक्त कोठून मिळणार?

या प्रश्नाचे एक उत्तर लंडनच्या जॉन हंटरने दिले. त्या काळी गाडीवानांच्या गुडघ्यामागील रोहिणीची भिंत दुबळी होऊन तिथे मोठा फुगा धरल्याची उदाहरणे शल्यवैद्यांपुढे येत. फुगा फुटला तर मरण, पाय कापला तरी पुष्कळदा मरण. १७८५ च्या डिसेंबरात हंटरने सेंट जॉर्ज रुग्णालयात अशा एका गाडीवानाची रोहिणी फुग्याजवळ न बांधता वर मांडीत, निरोगी जागी बांधली. त्याचा भरवसा होता तो आडवाटांवर. हमरस्ता बंद झाला की वाहतूक गल्लीबोळांतून जाऊ लागते, तसे मांडीतील लहान लहान फाटे रुंदावून पायाला रक्त पोहोचवितील, असा त्याचा अदमास होता आणि तो खरा ठरला. गाडीवान महिना-दीड महिन्यात आपल्या पायांनी घरी गेला. बांधण्याच्या विद्येचे हे शिखर होय. परंतु फुगा हळूहळू वाढत असताना आडवाटांना रुंदावण्यास अवसर मिळतो. गोळीने रोहिणी एका क्षणात तुटते तेव्हा तो मिळत नाही. एकोणिसाव्या शतकातील शल्यवैद्यांना हा भेद पुरता उमगला होता असे दिसत नाही.

सांधण्याची कल्पना कोणालाच सुचली नाही असे नव्हे. १७५९ साली न्यूकॅसल येथे, शीर कापून रक्त काढताना दंडाची रोहिणी चुकून कापली गेलेल्या एका रोग्यावर हॅलोवेल नावाच्या शल्यवैद्याने लॅम्बर्टच्या सूचनेवरून एक प्रयोग केला. छिद्राच्या दोन्ही कडांतून पाव इंचाहून किंचित लांब अशी पोलादी टाचणी घालून तिच्याभोवती त्याने दोरा गुंडाळला. घोड्यांना नाल ठोकणारे लोक जनावराची शीर अशीच बंद करीत. रोगी बरा झाला. पण पुढे दुसऱ्या एकाने कुत्र्यांवर केलेले प्रयोग फसले आणि ती गोष्ट शंभराहून अधिक वर्षे अडगळीत पडली. जर्मन विद्यापीठांतील प्रयोग आणि शिकागोच्या मर्फीने १८९६ साली मांडीतील तुटलेली रोहिणी जोडल्याचे उदाहरण हे त्यानंतरचे टप्पे होत.

आता २४ जून १८९४ च्या रात्रीकडे येऊ. फ्रान्सचे अध्यक्ष सादी कार्नो लियों शहरात एका प्रदर्शनाच्या निमित्ताने आले होते. मेजवानी आटोपून ते उघड्या गाडीतून निघाले असता काझेरियो नावाच्या इटालियन अराजकवादी तरुणाने त्यांच्या पोटात सुरा खुपसला. यकृताकडे जाणारी मोठी नीला कापली गेली होती. शहरातील नामांकित शल्यवैद्य भोवती उभे होते आणि त्यांच्या देखत मध्यरात्रीनंतर थोड्याच वेळात अध्यक्षांचा अंत झाला. त्याच शहरात अलेक्सिस कॅरेल हा वीस वर्षांचा वैद्यकाचा विद्यार्थी होता. ही नीला शिवता आली असती, असे तो बोलू लागला. वडीलधाऱ्यांना ते रुचले नसल्यास नवल नाही.

कॅरेल नुसता बोलून राहिला नाही. लियों हे रेशमाचे शहर, आणि त्याचे वडीलही रेशमाचे व्यापारी होते. मादाम लरुदिये या भरतकाम करणाऱ्या बाईंकडून त्याने नाजूक टाके घालण्याची कला शिकून घेतली. बारीकात बारीक सुया आणि रेशमी धागे मिळविले. शल्यविद्येच्या इतिहासात गुरू म्हणून एका भरतकाम करणाऱ्या बाईचे नाव नोंदले जावे, हे मला अतिशय रम्य वाटते. अडचणी तीन होत्या. रक्तवाहिनी मऊ आणि गोल. एका बाजूला टाका घालताना सुई पलीकडची भिंतही पकडते आणि नळी बंद होते. शिवणीने नळी आवळली जाते. आणि आतल्या अस्तराला इजा झाली की तेथे रक्ताची गुठळी धरते. कॅरेलने तुटलेल्या दोन्ही तोंडांना समान अंतरावर तीन टाके घालून ते ताणून धरले, त्यामुळे वर्तुळाचा त्रिकोण झाला. मग प्रत्येक बाजू सरळ रेषेत, कापडाच्या कडेप्रमाणे शिवता येऊ लागली. अस्तराला अस्तर भिडेल अशी काळजी त्याने घेतली आणि सुई-दोऱ्याला व्हॅसलीन लावले. १९०२ साली हे सारे त्याने प्रसिद्ध केले. मायदेशी बढतीची वाट खुंटल्यावर तो १९०४ मध्ये अमेरिकेत गेला, शिकागोत गथ्री यांच्या जोडीने त्याने नीलेचा तुकडा रोहिणीच्या जागी बसविण्यापर्यंत मजल मारली, आणि १९१२ चे नोबेल पारितोषिक त्याला मिळाले. पुढे माणसामाणसांत उच्च-नीच ठरवू पाहणारे आणि काहींना जगण्याचाच हक्क नाकारणारे विचार त्याने १९३५ च्या आपल्या ग्रंथात मांडले. ते निंद्यच होत, आणि त्यापायीच लियोंच्या वैद्यकीय विद्याशाखेने १९९६ साली त्याचे नाव काढून टाकले. टाका मात्र त्याचाच राहिला.

दोन वर्षांनी पहिले महायुद्ध पेटले. कॅरेलचा टाका तेथे उपयोगी पडला असेल, अशी आपली अपेक्षा. प्रत्यक्षात खुद्द कॅरेल फ्रेंच सैन्यात दाखल होऊन कोंपिएन्यच्या रुग्णालयात जखमा धुण्याची रीत शोधीत होता! डेकिन या रसायनशास्त्रज्ञासह त्याने जंतुनाशक द्रावाने जखम वारंवार भिजविण्याची पद्धत बसविली. यात विसंगती नाही. तोफगोळ्याच्या तुकड्यांनी चिंधड्या झालेल्या, खतावलेल्या मातीने भरलेल्या जखमेत शिवण टिकत नसे. पू झाला की टाके सुटत आणि पुन्हा रक्तस्राव होई. त्याआधी बाल्कन युद्धांत सर्बियन शल्यवैद्यांनी रोहिण्या सांधल्या होत्या आणि सुब्बोटिच यांनी १९१३ साली त्यांचा चांगला परिणाम नोंदविला होता. पण त्या बहुतांशी जुन्या, भरलेल्या जखमांतील होत्या. ताज्या, दूषित जखमेत बांधण्याखेरीज गत्यंतर उरले नाही.

दुसऱ्या महायुद्धापर्यंत परिस्थिती पालटली होती. गुठळी होऊ न देणारे हेपॅरिन वापरात आले होते, पेनिसिलिन होते, रक्त साठवून देता येत होते. मग तरी सांधणे व्हावे की नाही? मायकेल डिबेकी आणि फिओरिंडो सिमिओन यांनी अमेरिकन जखमींच्या नोंदी जमवून १९४६ साली त्यांचा अहवाल प्रसिद्ध केला. रोहिणीच्या इजा २,४७१. त्यांपैकी टाके घालून सांधलेल्या अवघ्या ८१. एकंदर जखमींपैकी सुमारे ४० टक्क्यांचा अवयव कापावा लागला. गुडघ्यामागील रोहिणी तुटली असेल तर शंभरातील सुमारे ७२ जणांचा पाय गेला. लेखकांनी हातचे राखून न ठेवता लिहिले की बांधणे हा उपचार कोणी आवडीने निवडीत नाही, तो निरुपायाने करावा लागतो. त्या निरुपायाचे कारण त्यांच्याच आकड्यांत आहे: जखम झाल्यापासून शस्त्रक्रियेपर्यंत सरासरी दहा तासांहून अधिक वेळ जात असे. रक्ताविना स्नायू सुमारे सहा तास तग धरतो. दहाव्या तासाला रोहिणी कितीही सुबक शिवली, तरी ती मेलेल्या पायाला रक्त नेते. चाळीस वर्षे अडले होते ते सुईपाशी नव्हे, रस्त्यापाशी.

आणि सवयीपाशीही, हे मला आवर्जून सांगितले पाहिजे. १९५० साली कोरियात युद्ध सुरू झाले तेव्हा तेथील अमेरिकन लष्करी वैद्यकाचा शिरस्ता दुसऱ्या महायुद्धाच्या अनुभवावरून आलेला होता: रोहिणी बांधा. पण आता आघाडीच्या मागे थोड्याच अंतरावर फिरती शल्य-रुग्णालये होती आणि जखमींना डोंगरातून उचलून आणणारी हेलिकॉप्टरे होती. (त्याच भूमीवर लेफ्टनंट कर्नल रंगराज यांच्या हाताखाली भारतीय सेनेचे ६० वे पॅराशूट फील्ड अँब्युलन्स पथकही १९५० पासून जखमींची शुश्रूषा करीत होते, याची आठवण आपल्याकडे फारशी ठेवली जात नाही.) काळ बदलला, कारण उरले नाही, तरी नियम उरला होता. काही तरुण शल्यवैद्यांनी तो मोडून सांधण्यास आरंभ केला आणि १९५२ च्या सुमारास ती रीतसर पद्धत झाली. कार्ल ह्यूज यांनी १९५८ साली दिलेल्या नोंदीत ३०४ मोठ्या रोहिण्यांपैकी २६९ सांधल्या, ३५ बांधल्या. अवयव गमावणाऱ्यांचे प्रमाण ४० टक्क्यांवरून १३ वर आले. टाका तोच होता, १९०२ चा.

यानंतरची प्रगती आपण सर्व जाणतो, म्हणून तिच्यावर रेंगाळत नाही. पॅरिसमध्ये १९४८ साली कुन्लँ यांनी पायातील बंद पडलेल्या रोहिणीला वळसा घालून नीलेचा तुकडा जोडला. १९५४ साली बॉस्टनमध्ये जुळ्या भावाचे मूत्रपिंड बसविताना त्याच्या वाहिन्या सांधाव्याच लागल्या. १९६४ साली पोर्टलंडच्या डॉटर यांनी वाहिनी न उघडता आतून नळी सारून अरुंद झालेली रोहिणी रुंद केली. माणूस जागा असता मनगटातून हृदयापर्यंत जाणाऱ्या आजच्या उपचारांचा उगम तो. माझे लक्ष त्याहून एका साध्या गोष्टीकडे जाते.

व्हिएतनामच्या युद्धात नॉर्मन रिच या शल्यवैद्याने १९६६ साली एक नोंदवही सुरू केली. ज्याची रक्तवाहिनी सांधली त्या प्रत्येक सैनिकाची नोंद, आणि तो घरी गेल्यावरही त्याच्या अवयवाचे पुढे काय झाले याचा पाठपुरावा. १९७० साली तिच्यातील १,००० रोहिण्यांचा वृत्तान्त प्रसिद्ध झाला. हेलिकॉप्टरे अधिक होती, हात अधिक सरावलेले होते. तरी अवयव गमावण्याचे प्रमाण कोरियाप्रमाणेच १३ टक्क्यांच्या आसपास राहिले, आणि गुडघ्यामागील रोहिणीच्या बाबतीत ते सुमारे ३० टक्के निघाले. हंटरच्या गाडीवानाचीही हीच रोहिणी. त्या ठिकाणी मुख्य वाट एकच आहे, आडवाटा थोड्या आणि बारीक आहेत, आणि तेथे सांधणाऱ्याला अजूनही घड्याळ समोर ठेवूनच काम करावे लागते.