तृष्णा आणि म्हादेई: फायबरच्या दोन होड्यांचं घराणं

म्हैसूरजवळ कावेरीवरच्या कृष्णराजसागर धरणाच्या फुगवट्यात आता शिडांच्या शर्यती होतात. लहान मुलं शिकतात ती ऑप्टिमिस्ट ही होडी अमेरिकेत क्लार्क मिल्स यांनी १९४७ साली आखली, तीही प्लायवुडची. आज ती फायबरग्लासची असते. समुद्र इतका दूर असूनही इकडे हा खेळ रुजला, त्यामागे लष्कराचा मोठा हात आहे. बेंगळुरूला मद्रास सॅपर्स या लष्करी अभियंत्यांच्या केंद्रात जो नौकानयन क्लब आहे, त्याचं नाव ‘तृष्णा’. शिडाच्या होडीतून पृथ्वीप्रदक्षिणा करणाऱ्या पहिल्या भारतीयांची होडीही याच नावाची.

लष्कराच्या इंजिनिअर्स कोअरचा चमू २८ सप्टेंबर १९८५ रोजी तिच्यातून मुंबईहून निघाला आणि १० जानेवारी १९८७ रोजी परतला. तृष्णा नवी नव्हती. ‘स्वान ३७’ जातीची, फिनलंडच्या नॉटर कारखान्यात घडलेली ही होडी. तिचा आराखडा अमेरिकेतल्या स्पार्कमन अँड स्टीफन्स या नामांकित कचेरीचा. नॉटरने ही जात सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला काढली. पद्धत अशी: एकदा साचा तयार करायचा, त्यात काचतंतूंचे थर रेझिनमध्ये भिजवून एकावर एक बसवायचे, घट्ट झालं की आख्खं कवच उचलून बाहेर काढायचं आणि त्याच साच्यात पुढची होडी सुरू करायची. लाकडी होडीला सांधे असतात, त्यांत कापूस ठासावा लागतो, दरवर्षी किनाऱ्यावर ओढून डागडुजी करावी लागते. साच्यातल्या कवचाला असे सांधेच नाहीत. त्यामुळे वीस-तीस वर्षं वापरलेली होडी विकत घेऊन तिच्यातून महासागर ओलांडणं सामान्य माणसाच्याही आवाक्यात आलं.

स्वान घराण्याचं रक्त शर्यतीचं. १९७३-७४ मधली पहिली व्हिटब्रेड जगप्रदक्षिणा शर्यत ‘सायुला’ या मेक्सिकन होडीने जिंकली, ती स्वान ६५ होती. वाऱ्याच्या दिशेला तिरकं चढत जाण्यात या होड्या आजही भल्याभल्या नव्या होड्यांना हटत नाहीत. राहण्याचं मात्र अवघड. ३७ फूट म्हणजे साडेअकरा मीटरांच्या आतच, त्यात माणसं, शिधा, पाणी, सुटी शिडं. सव्वा वर्ष त्या जागेत काढणाऱ्यांच्या सोशिकपणाला माझा सलाम.

दुसरी होडी नौदलाची ‘म्हादेई’. तिचा जन्म अगदी वेगळ्या वाटेने झाला. एकट्या भारतीयाने शिडाच्या होडीतून जग फिरावं, हा ध्यास व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांचा. निवृत्तीनंतर ते साताऱ्यात फलटणजवळ विंचुर्णीला राहत. त्यांच्या मोहिमेसाठी कमांडर दिलीप दोंदे पुढे आले आणि होडी बांधण्याचं काम मांडवीतल्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या ॲक्वेरियस कारखान्यात आलं. आराखडा नेदरलँड्सच्या व्हॅन दे श्टाट यांचा, ‘टोंगा ५६’. एकाच होडीसाठी साचा परवडत नाही. म्हणून उलट्या करून ठेवलेल्या फासळ्यांवर सीडर लाकडाच्या पट्ट्या चिकटवल्या आणि त्यांच्या आतून-बाहेरून इपॉक्सीत भिजलेलं काचेचं कापड चढवलं. म्हणजे फायबरच्या पोटात लाकूडच आहे! मला या मागोव्यातला हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो. एकट्याने मुक्काम न घेता जग फिरणारी पहिली होडी, रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांची ‘सुहेली’, मुंबईतच सागाची घडली होती. साच्यातल्या फायबरने सुताराचा हात बाजूला सारला. दिवाडीच्या कारखान्यात तो हात पुन्हा कामाला आला.

१२ फेब्रुवारी २००९ रोजी म्हादेई नौदलात दाखल झाली. ऑगस्ट २००९ ते मे २०१० या काळात दोंदे चार बंदरांत थांबत एकटे जग फिरून आले. पुढे तिच्यातूनच नौदलाचे अभिलाष टॉमी १ नोव्हेंबर २०१२ रोजी मुंबईहून निघाले ते ३१ मार्च २०१३ रोजी कुठेही न थांबता परतले. मधल्या काळात, २०११ साली, म्हादेईने केपटाउन ते रिओ ही शर्यतही केली. पण तिचं वजन सुमारे २३ टन, डोलकाठी २५ मीटर. हलक्या वाऱ्यात चपळाई दाखवणं तिच्या प्रकृतीत नाही. दक्षिण महासागराच्या लाटांत न डगमगता दिवसेंदिवस मैल कापत राहणं हा तिचा गुण.

जुनी होडी घ्यायची तर दोघींची दुखणी वेगळी तपासावी लागतात. साच्यातल्या पॉलिएस्टरच्या कवचात वर्षानुवर्षं पाणी मुरतं आणि पाण्याखालच्या भागावर फोड येतात. ते खरवडून, वाळवून, इपॉक्सीचा लेप देता येतो; खर्चिक, पण जीवघेणं नाही. लाकूड-गाभ्याच्या होडीत एखाद्या स्क्रूच्या भोकातून पाणी शिरलं, तर वरून काही न दिसता आतलं लाकूड कुजत जातं. डेकवर लहान हातोडी ठोकत जावं. आवाज बद्द आला की तिथे शंका घ्यावी. कीलचे, म्हणजे तळाच्या जड पात्याचे, बोल्ट आणि डोलकाठीच्या तारा जिथे डेकला बांधल्या आहेत त्या जागा दोन्हींत पाहायच्या, कारण वादळात आधी तिथेच तुटतं.

शर्यतीसाठी आणि चार-सहा आठवड्यांच्या सफरीसाठी मी तृष्णाची जात निवडेन. घर करून राहायचं आणि दूर जायचं, तर म्हादेईची. तिचाच आराखडा घेऊन ॲक्वेरियसने तिची धाकटी बहीण ‘तारिणी’ बांधली. १८ फेब्रुवारी २०१७ रोजी ती नौदलात आली आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सहा महिला अधिकारी तिच्यातून जग फिरायला निघाल्या. पुढे ऑक्टोबर २०२४ मध्ये लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि रूपा ए. दोघीच तिला घेऊन गेल्या आणि २९ मे २०२५ रोजी गोव्यात परत आल्या.